झाकलेलं पीठ

उद्या प्रत्येकाने बाटलीत लघवी भरून आणायची, असं सांगितल्यावर वर्गात जो हशा पिकला तो मुसागी मास्तरांनी थांबवला नाही. पोरांना एकदा पोटभर हसू दिलं की मग ती ऐकतात, हा त्यांचा जुना अनुभव होता. सगळे दमल्यावर त्यांनी विचारलं, "झालं? अजून कुणाचं हसायचं राहिलंय?" त्यावर पुन्हा एक लाट आली, आणि मग सगळे खरंच गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या कठड्यावर बाटल्याच बाटल्या. खोकल्याच्या औषधाच्या, सोड्याच्या, एकीने तर आईच्या अत्तराची कुपी आणली होती. जिल्ह्याच्या दवाखान्यातून सिस्टर ओलिंदा मोटारसायकलला लाकडी पेटी बांधून आल्या होत्या. त्यांनी अमादेची बाटली उजेडात धरली.

"हे विहिरीचं पाणी आहे."

"मला आलीच नाही, सिस्टर."

"म्हणून विहिरीला करायला लावलीस?"

"अरे, विहीर तळाला गेलीय आणि तू पाणी बाटलीत घालवतोस?" मास्तर म्हणाले. "आईला कळलं तर सोलून काढेल तुला. जा, शाळेमागे जाऊन ये."

त्या वर्षी पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. मका गुडघ्याएवढा होऊन वाळला, घेवड्याला शेंग धरली नाही. नाहिपे गावच्या शेतांत उभा होता तो फक्त कडू कसावा. तो नेहमीच उभा राहतो. त्याच्या कंदात विष असतं म्हणून उंदीर त्याला लागत नाहीत, रानडुक्कर उकरत नाही, चोरही हात लावत नाही. म्हणून तर लोक तो लावतात. चांगल्या वर्षी कंद सोलून, ढिगात दाबून, आंबवून, निवांत वाळवून मग त्याचं पीठ होतं, आणि तोवर विष बरंचसं निघून गेलेलं असतं. पण भुकेच्या वर्षी एवढी उसंत कुणाला? सकाळी उपटायचा, उन्हात कडकडीत करायचा, उखळात कुटायचा आणि त्या पिठाच्या काराकाताचा गोळा शिजवून पोरांपुढे ठेवायचा. त्यात दुष्काळात कंदाचा कडूपणाही वाढतो.

सिस्टरनी काचेच्या नळीत थोडी लघवी घेतली, आधी आम्लाचे थेंब टाकले, मग लोखंडाच्या क्षाराचं पिवळसर पाणी. नळी नारिंगी झाली. दुसरी त्याहून गडद. तिसरी लाल.

"रक्त!" कुणीतरी ओरडलं.

"रक्त नाही," मास्तर म्हणाले. "बसा खाली, सांगतो. कडू कंदातल्या विषाचं नाव सायनाइड. तो चोर आहे असं समजा. घरात चोर शिरला तर काय कराल?"

"मारू!"

"पळू!" हा अमादे, दारातून आत येता येता.

"शरीर पळून कुठे जाणार? ते चोराला दोरीने बांधतं आणि दाराबाहेर टाकतं. दोरी कसली? गंधकाची. घेवडा, शेंगदाणे, मासळी, अंडं यांतून ती शरीराला मिळते. दोरीने बांधलेल्या चोराचं नाव थायोसायनेट. बांधल्यावर त्याची नखं गेली. तो लघवीतून निघून जातो. सिस्टरचं लोखंडाचं पाणी त्याला भेटलं की लाल होतं. म्हणजे लाल रंग हे काही विष नव्हे. घरात चोर आले होते आणि धरले गेले, याची ती बातमी आहे. जितकं लाल, तितके चोर."

"आणि दोरी संपली तर?" मागच्या बाकावरून झुलेकाने विचारलं.

झुलेका चौदा वर्षांची. मागच्या दुष्काळात एका सकाळी ती अंथरुणातून उठली ती पाय लाकडासारखे ताठ होऊनच. तेव्हापासून काठी टेकत, चवड्यांवर पाय ओढत चालते. या आजाराला इकडे मंताकासा म्हणतात. तो वाढत नाही आणि बराही होत नाही. दोन वर्षं शाळा बुडाल्याने ती लहान मुलांत बसायची. उत्तर तिला ठाऊक होतं. इतरांना कळावं म्हणून तिने विचारलं होतं, हे मास्तरांना समजलं.

"दोरी संपली तर चोर मोकळा राहतो," ते म्हणाले, "आणि पायांवर जातो."

कुणीही झुलेकाच्या पायांकडे पाहिलं नाही, आणि ते न पाहणं वर्गभर दिसलं.

"म्हणजे रंग आला नाही तर चांगलं ना?" अमादेने विचारलं.

"बहुतेक वेळा चांगलं. पण कधी दोरीच संपलेली असते म्हणूनही रंग येत नाही. म्हणून सिस्टर नुसती बाटली बघत नाहीत, माणूसही बघतात."

"आणि गळाही," सिस्टर म्हणाल्या. "हा बांधलेला चोर फार झाला की गळ्यातल्या गाठीत आयोडीनला शिरू देत नाही, मग गळा सुजतो. म्हणून मीठ पाकिटातलं खा. बाकी थोडासा तो प्रत्येकाच्या थुंकीतही असतो बरं. तोंडातले जंतू मारायला शरीर त्याचाच उपयोग करून घेतं. दाखवू? कोण थुंकतं?"

सगळेच थुंकायला उठले. मास्तरांनी हात वर करून त्यांना बसवलं आणि स्वतः पुढे झाले. तेवढ्यात त्यांची बायको मारियामो सिस्टरसाठी चहा घेऊन आली, तेव्हा मुलांनी तिलाही सोडलं नाही. दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मारियामोची जेमतेम गुलाबी झाली. मास्तरांची लालभडक.

सिस्टरनी दोघांकडे पाहिलं. "जेवता एकाच भांड्यातलं ना?"

"एकाच."

"मग मास्तर, सिगारेट ओढता?"

"सोडली."

"थुंकी तसं म्हणत नाहीये. तंबाखूच्या धुरातही तोच चोर असतो."

वर्ग बाकांवर आडवा पडला. मारियामोने चहाचा कप खाली ठेवला. "तरीच म्हटलं, रोज संध्याकाळी कुंपणामागे शेळीला चारा घालायला एवढा वेळ का लागतो! या दुष्काळात चारा कुठला, ते मी विचारलंच नाही."

मास्तरांचे कान तापले, पण मास्तरकी सुटली नाही. "मुलांनो, यातून काय शिकलात?"

"सिगारेट लपत नाही!"

"तेही खरंच. पण आणखी एक. एकाच भांड्यातलं खाऊन दोघांचा रंग वेगळा आला, तर कारण भांड्याबाहेर शोधायचं."

हे वाक्य त्यांना थोड्याच वेळात स्वतःसाठी लागणार होतं. उरलेल्या बाटल्या तपासता तपासता सिस्टरचा हात थांबला. नळी इतकी गडद झाली होती की पलीकडचा उजेड दिसेना. त्यांनी मुलांना खेळायला सोडायला सांगितलं.

"ही कुणाची?"

बाटलीवरच्या चिकटपट्टीवरचं अक्षर मास्तरांनी ओळखलं. "मुआझिझा. माझी भाची."

"घरी पीठ भिजवून पसरत नाहीत?"

"मीच शिकवलंय बहिणीला. साऱ्या गावाला शिकवलंय."

ते खरं होतं. रीत सोपी होती. पीठ भांड्यात भरायचं, आतून जिथवर आलं तिथे कोळशाची रेघ ओढायची. पाणी घालून कालवायचं. पीठ आधी खाली बसतं, मग पाणी पिऊन पुन्हा रेघेपर्यंत चढतं. ते चटईवर पातळ पसरून सावलीत पाच तास ठेवायचं, की विष वाफेसारखं उडून जातं. मग नेहमीसारखा काराकाता शिजवायचा.

"शिकवलंय तरी हा रंग?" सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मास्तर, या पोरीला लांब चालवू नका, ओझं उचलू देऊ नका. तुम्हाला माहीतच आहे, पाय जायच्या आदल्या दिवशीपर्यंत पोरं पळत असतात. मी पंधरवड्याने येते. तोवर कुठे चुकतंय ते शोधा."

खिडकीबाहेर मुआझिझा दोरीवरच्या उड्या मारत होती. मास्तरांनी तिला हाक मारून थांबवलं आणि उगाच फळा पुसायला लावला.

आमच्या माकुआ लोकांत पोरांना जबाबदार असतो तो मामा. बाप येतो-जातो. मुआझिझाचा बाप समुद्रकाठी बोटीवर कामाला होता. पोरीचे पाय गेले तर गाव तिच्या आईला, अतीजाला, दोन शब्द बोलेल, पण विचारेल मुसागीला. आणि गावाने नाही विचारलं तरी त्यांच्या आईच्या कुळात ही एकच मुलगी होती. मास्तर संध्याकाळी बहिणीच्या अंगणात जाऊन ओट्यावर बसले. आत गेले नाहीत. भुकेच्या वर्षी कुणाच्या चुलीपाशी जायचं नसतं, बहिणीच्या तर नाहीच. पीठ दाखव म्हणणं म्हणजे तू माझ्या भाचीला उपाशी ठेवतेस म्हणण्यासारखं.

"पीठ भिजवतेस ना, अतीजा?"

"नाही, कोरडंच फक्के मारते." अतीजाने मुसळ भिंतीला टेकवलं. "दादा, तूच शिकवलंस आणि तूच परीक्षा घेतोस होय? रेघ ओढते, पाणी घालते, सकाळी ठेवते ते ऊन कलल्यावर उचलते. हे बघ." तिने आतून रिकामं भांडं आणून त्यांच्या पुढ्यात धरलं. आत कोळशाची रेघ होती, पुन्हा पुन्हा ओढून जाड झालेली. बहीण खोटं बोलत नव्हती.

"पोरगी वाटेत कच्चा कंद खाते का?"

"मामा!" मुआझिझा दारातून म्हणाली. "मी काय शेळी आहे?"

"शेळीसुद्धा खात नाही तो," मास्तर म्हणाले. "पाणी कोण आणतं?"

"मी. नदीतल्या झऱ्यावरून."

"उद्यापासून नाही आणायचं."

"मग कोण आणणार?" अतीजा म्हणाली. "तू आणशील? पाटलोण वर करून, डोक्यावर हंडा घेऊन?"

"आणीन."

"आणि गाव मला हसेल." ती वळली. "दादा, सिस्टरच्या बाटलीला चूक होत नाही का कधी?"

मास्तरांनी थुंकीची गोष्ट सांगितली नाही. गावभर ती झालीच होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी खरंच हंडा आणला. डोक्यावर नाही, खांद्यावर, आणि निम्मा रस्त्यात सांडून. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. भांड्यातली रेघ बरोबर, पाणी बरोबर, वेळ बरोबर. मग चुकत कुठे होतं?

कळेना, तेव्हा त्यांनी मास्तर जे करतो ते केलं. त्याचा धडा केला. घरून वाडगाभर पीठ, भांडं आणि चटई आणून शाळेच्या व्हरांड्यात मांडली. "आज घरी आई करते अगदी तसं करून दाखवायचं. मुआझिझा, तू ये."

मुआझिझाने बाही सारली. पीठ भरलं, रेघ ओढली, पाणी घातलं. कालवताना तिचे हात बाईसारखे चालत होते.

"बघा," मास्तर म्हणाले, "कंदात विष मोकळं नसतं. कुलपात असतं, आणि किल्ली त्याच कंदात, पण दुसऱ्या कप्प्यात. कुटलं, भिजवलं की किल्ली कुलपाला भेटते. मग विष सुटून हवेत जातं. पुढे?"

मुआझिझाने चटई सोडून दिली. कोपऱ्यातलं लहान ताट घेतलं, त्यात पीठ लोटलं आणि हाताने दाबून जाड थर केला. मग खांद्यावरची कापुलाना, ते रोजचं रंगीत कापड, काढून ताटावर घातली आणि तिचे काठ चारी बाजूंनी ताटाखाली नीट खोवले. झोपलेल्या बाळाला पांघरूण घालावं तसं.

"झाकतेस कशाला गं?"

तिने मामाकडे पाहिलं. एवढं कसं कळत नाही, असं त्या नजरेत होतं. "कुणी बघू नये म्हणून. आणि मग खाटेखाली ठेवायचं."

कुणी हसलं नाही.

"तुमच्याकडे आणखी कोण झाकतं?" मास्तरांनी विचारलं. एक हात वर झाला, मग दुसरा, मग पुष्कळ. अमादेने आधी शेजाऱ्याचा हात वर गेला का ते पाहिलं आणि मग आपला केला.

"आमच्याकडेही झाकायचे," झुलेका म्हणाली. तिने ते सरळ सांगितलं, पत्ता सांगावा तसं. "माझे पाय गेले त्या वर्षी."

मास्तर व्हरांड्याच्या पायरीवर बसले. ही गोष्ट त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. भुकेच्या वर्षी पीठ अंगणात पसरत नाहीत. थोडं असलं तर लाज, जास्त असलं तर मागणारे. ठाऊक असून ती त्यांना आठवली नाही, कारण त्यांच्या घराला बोरूचं उंच कुंपण होतं. गावात तेवढं एकच. मारियामो कुंपणामागे चटई टाकून खुशाल उघडं पीठ पसरायची. बाकीच्यांच्या अंगणातून वाट जात होती. त्यांनी गावाला रेघ शिकवली, पाणी शिकवलं, सावली शिकवली. झाकू नका, हे सांगायचं त्यांना सुचलंच नाही. विषाची वाफ कापडाखाली कोंडून पुन्हा त्याच पिठात राहत होती.

घरोघर जाऊन 'पीठ उघडं ठेवा' सांगणं सोपं होतं. बायका मान डोलावतील आणि खाटेखाली ठेवतील. दुपारी ते मारियामोला म्हणाले, "उद्या आपलं पीठ कुंपणाबाहेर पसरू. वाटेवरच्या आंब्याखाली."

मारियामो भांडी घासत होती. "सगळ्यांना दिसेल."

"दिसावं म्हणूनच."

"मास्तराच्या घरी केवढंसं पीठ आहे ते दिसेल. लोकांना वाटतं, आपल्याकडे पोती भरलीत."

"वाटू दे ना तोवर, उद्यापासून वाटणार नाही."

"तुमची सिगारेट साऱ्या गावाने पाहिली. आता माझं पीठ दाखवायचं राहिलं होतं." तिने भांडं जोरात पालथं घातलं. मग राखेचे हात पुसत तिने विचारलं, "पोरगी आज चालतेय ना नीट?"

"चालतेय."

"चटई मोठी नाही घेणार मी. मोठ्या चटईवर आणखीच थोडं दिसतं."

सकाळी आंब्याखाली लहान चटई आली आणि तिच्यावर नखाएवढ्या जाडीचा पांढरा थर. मारियामो शेजारी घेवडा निवडायला बसली, म्हणजे मूठभर घेवडा पुन्हा पुन्हा निवडत राहिली. पाण्याला जाणाऱ्या बायका थबकायच्या, पिठाकडे बघायच्या, चटकन मान वळवून तब्येत विचारायच्या. त्या दिवशी दुसरी चटई आली नाही. कोंबड्या मात्र आल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी झुलेका आली. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने डोक्यावरचं सूप सावरत. सुपात तिच्या घरचं भिजवलेलं पीठ. तिने ते चटईवर मारियामोच्या पिठाशेजारी पसरलं, बोटाने मध्ये एक वाट आखली आणि काठी आडवी धरून बसली. "मी राखते. मला तसंही पळायचं नाही. कोंबडीला काठी पुरते."

त्या दिवशी वर्गात मास्तरांनी मुलांना एकच काम दिलं. घरी जाऊन सांगायचं, झुलेकाच्या घरचं पीठ आंब्याखाली आहे. का, ते सांगायचं नाही. ते गावाला कळायला वेळ लागला नाही.

अतीजा त्याच्या दुसऱ्या दिवशी आली. हातातलं ताट कापुलानेने झाकलेलं होतं. ती आंब्यापाशी उभी राहिली, वहिनीच्या पिठाकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच," मारियामो म्हणाली.

"दोघांना?"

"आणि शेळीच्या चाऱ्याला," मारियामोने शाळेकडे हनुवटी उडवली.

अतीजाला हसू आलं, आणि हसता हसता तिने ताटावरचं कापड काढलं. "मला वाटायचं, कुंपणामागे कोण जाणे काय काय असेल. म्हणून मी... दादाला कसं सांगणार, की त्याची बहीण ताटभर पिठावर दिवस काढते?" तिने पीठ ओतून तळहाताने पातळ केलं. "वहिनी, माझं तर तुझ्याहून जास्त आहे गं!"

"मग घमेंड कर थोडी."

"करतेच."

मास्तर शाळेच्या खिडकीतून बघत होते. बाहेर आले नाहीत. बायकांच्या पिठापाशी पुरुषाचं काम नव्हतं, आणि फळ्यावर भागाकार अर्धा राहिला होता. पुढच्या दिवसांत आंब्याखाली चटयांना चटया लागल्या. कुणाचं किती हे पहिले दोन दिवस सगळ्यांनी पाहिलं, मग कुणी पाहीनासं झालं. ज्यांचं फारच थोडं होतं त्यांच्या चटईवर जाता जाता कुणी मूठ सांडून जायचं आणि कोंबडीला शिव्या घालायचं. मारियामोने तो निवडलेला घेवडा अखेर शिजवला आणि निम्मा मुआझिझाला पाठवला. वर निरोप, "ही दोरी, चावून खा."

पंधरवड्याने सिस्टर ओलिंदा आल्या तेव्हा बाटल्या आपोआप कठड्यावर लागल्या होत्या. अमादेचीसुद्धा खरी होती. मास्तरांनी मुआझिझाची बाटली स्वतः पुढे केली आणि मग हात मागे बांधून उभे राहिले. आम्ल पडलं. लोखंडाचं पाणी पडलं. रंग फिरला, आणि नारिंगीवर थांबला. नळीपलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती.

"अजून आहेच थोडं," मास्तर म्हणाले.

"कसावा खाणाऱ्याच्या लघवीत थोडं असणारच. मागच्या वेळेचं आठवा." सिस्टरनी नळी ठेवली. "पण मी माणूसही बघते म्हणाले होते. मुआझिझा, त्या आंब्यापर्यंत पळत जा आणि परत ये. मला तुझे पाय बघायचेत."

मास्तरांनी पंधरा दिवस जिला पळू दिलं नव्हतं, तिने एकदा मामाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ती सुटली. टाचा जमिनीला नीट टेकत होत्या, गुडघे सैल वळत होते, आणि सिस्टर पुटपुटल्या, "छान."

आंब्यापाशी पोचून ती परत वळायला हवी होती. पण तेवढ्यात झुलेका ओरडली, "अगं, ती तांबडी! तुझ्या आईच्या पिठात!" मुआझिझा कोंबडीमागे लागली, चटयांना वळसा घालून, विहिरीकडे, कुंपणाच्या पलीकडे.

"परत ये म्हटलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"येईल," मास्तर म्हणाले आणि पुढची बाटली उचलून त्यांच्या हातात दिली.